विषाला औषध म्हणणं आधी बंद करा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली बावीस वर्षं मेडिकल चालवतोय. माझ्या दुकानाला लागूनच, म्हणजे मधे फक्त एक भिंत, कृषी केंद्र आहे, बियाणं-खतं-कीटकनाशकांचं दुकान. जून ते ऑक्टोबर आमच्या दोघांच्या ओट्यावर सारखीच गर्दी असते आणि दिवसाला दोनचार गिऱ्हाईकं तरी चुकून माझ्या काउंटरला येतात, "भाऊ, औषध द्या" म्हणतात, मी विचारतो कोणासाठी, तर "पराटीसाठी जी" (पराटी म्हणजे कापूस). मी हसून बाजूला बोट दाखवतो. कित्येक वर्षं मला यात हसण्यासारखंच काहीतरी वाटायचं. आता वाटत नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर छोटीशी बातमी होती, "शेतात औषध फवारताना मजुराला विषबाधा". चहा पिता पिता वाचून गेलो आणि परत मागे येऊन वाचली. औषध फवारताना विषबाधा! औषधानं विषबाधा होत असेल तर आधी मला अटक करा, मी तर ते रोज विकतो. तुमच्यावर राग नाही, सगळेच पेपर असंच लिहितात, टीव्हीवाले तसंच बोलतात, कृषी खात्याची माणसं मेळाव्यात तसंच सांगतात आणि माझ्या घरीसुद्धा परवापर्यंत तसंच बोलत होते. किडे मारायचं औषध, तणाचं औषध, उंदराचं औषध, ढेकणाचं औषध. आमच्या इकडं तर दवाई म्हणतात, म्हणजे तेच. आणि नुसतं नाव नाही, सगळी भाषाच दवाखान्यातून उचललीय. पराटीला "डोस" दिला, "रिझल्ट" चांगला आला, सोबत एक "टॉनिक" पण मारा, बियाण्याला "बीजोपचार" करा, आणि दुकानदाराला लोक "डॉक्टर" म्हणतात. या सगळ्यात विष हा शब्द येतो कधी, तर एखादा माणूस दवाखान्यात पोचल्यावर.

तुम्ही म्हणाल, काय हा मेडिकलवाला शब्दांचा कीस काढत बसलाय. तर एक प्रसंग सांगतो.

तीनेक वर्षं झाली असतील. ओळखीचा शेतकरी, समजदार माणूस, पोरगी नागपूरला शिकायला. दुकानात आला आणि विचारतो, "भाऊ, ते खोकल्याच्या बाटलीवरचं मापाचं झाकण असते न, ते सुटं भेटते का?" मला वाटलं घरी हरवलं असेल. म्हटलं सुटं नाही मिळत, पण एखादं पडलं असेल तर बघतो, कोणाला खोकला झालाय? तर म्हणे, "खोकला नाही जी, पंपात टाकाले पाहिजे. घरचं होतं ते पोराच्या आईनं घासून ठेवलं न बारक्याले त्याच्यातच औषध पाजलं, मंग म्या म्हटलं आपलं येगळं घेऊ." म्हणजे आधी किती दिवस एकच झाकण दोन्हीकडं चालत होतं ते देवालाच माहीत. पंधरा लिटरच्या पंपाला मापानं टाकायचं, खोकल्याचंही मापानं द्यायचं, दोन्ही औषधच, आणि झाकणावर एमएलच्या रेघा छापलेल्या, मग बिघडलं काय? त्याच्या डोक्यात काहीच बिघडलं नव्हतं. उलट त्याला वाटत होतं की आपण जास्त काळजी घेतोय, म्हणून तर वेगळं झाकण मागायला आला. माझ्या हाताला घाम फुटला, खरंच सांगतो. बारकं बरं होतं, पहिल्यांदा तेच विचारलं.

या माणसाला अडाणी म्हणायची माझी तरी हिंमत नाही. आपण सगळ्यांनी मिळून त्याला पन्नास वर्षं जे शिकवलं तेच तो करत होता.

आता 2017 चं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय आमच्या जिल्ह्यातलं कुठलंही पत्र पुरं होत नाही. त्या वर्षी पराटी भलतीच माजली होती, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली झाडं, आणि फांद्या एकमेकांत गेलेल्या, म्हणजे फवारणारा माणूस पिकाच्या वर नव्हताच, पिकाच्या आत होता. नोझल वर करून मारायचं आणि तेच खाली तोंडावर, मानेवर, पाठीवर घ्यायचं. त्यात ते चायनाचे बॅटरीवाले पंप नवीनच आले होते, त्यांचा फवारा धुक्यासारखा बारीक, हातपंपासारखे टपोरे थेंब नाहीत, ते हवेत तरंगत राहतं आणि श्वासातून आत जातं. अळी आटोक्यात येईना म्हणून दोनतीन बाटल्या एकात मिसळायच्या, वर एक टॉनिक. ऑगस्ट ते ऑक्टोबर यवतमाळच्या शासकीय मेडिकल कॉलेजात रोज माणसं येत होती. नुसत्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, शेकडो भरती झाली, कित्येकांना काही दिवस डोळ्यांनी दिसत नव्हतं. खाटेवर हातपाय बांधून ठेवलेल्या माणसांचे फोटो तेव्हा देशभरच्या पेपरात आले होते, कारण विष मेंदूवर चढल्यामुळं ती उठून पळायला बघत होती.

त्याच सीझनमधली एक गोष्ट मी आजपर्यंत कोणाला नीट सांगितलेली नाही. संध्याकाळी सात साडेसातची वेळ, एक मजूर आला, पस्तिशीचा असेल. "भाऊ, डोकं लय दुखून राहिलं, एखादी गोळी द्या, आन डोळ्यात टाकाले काही द्या, अंधारी येऊन राहिली." मी गर्दीत होतो. पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या आणि एक आय ड्रॉप काढून दिला, पैसे घेतले, पुढचं गिऱ्हाईक. त्याचा शर्ट ओला होता हे मला दिसलं होतं, पण घाम आला असेल म्हटलं, आमच्याकडं सप्टेंबरमध्ये घाम कोणाला येत नाही! दुसऱ्या दिवशी कळलं की रात्री त्याला जीपमध्ये टाकून यवतमाळला नेलं. वाचला तो, अकरा दिवसांनी घरी आला. पण मी तेव्हा त्याला एक प्रश्न विचारला असता, "दिवसभर काय काम केलं?" एवढाच, तर चार तास वाचले असते. मी शिकलेला माणूस, डी.फार्म. केलेलं, टॉक्सिकॉलॉजीचा, म्हणजे विषशास्त्राचा, पेपर पास झालेलो, आणि मला सुचलं नाही. आणि त्याला सांगायचं सुचलं नाही, कारण त्याच्या लेखी त्यानं दिवसभर औषध मारलं होतं. औषध मारल्यानं कोणी आजारी पडतं का!

यानंतर चारसहा दिवसांनी दुसरा एक आला, तेव्हा मात्र मी मोबाईलचा टॉर्च लावून डोळे बघितले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंधारातसुद्धा. तोंडाला लाळ सुटलेली, सारखा थुंकत होता. दुकान भावाच्या हवाली करून स्वतःच्या गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात नेला. त्यांनी लगेच ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, सुरू केलं.

हे काय होतं ते साध्या शब्दांत सांगतो, कारण पेपरात हे कधी येत नाही. आपल्या नसा स्नायूला, ग्रंथीला निरोप पाठवतात, की आकस, की पाझर. निरोप पोचला की तो लगेच पुसून टाकायला शरीरात एक एन्झाइम असतं, कोलीनएस्टरेज. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस, ॲसिफेट ही मंडळी, नेमकी या एन्झाइमला धरून बसतात. निरोप पुसलाच जात नाही. मग लाळ, घाम, डोळ्यांत पाणी, उलटी, जुलाब, बाहुली बारीक, छातीत पाणी भरल्यासारखं, अंग थरथरतं आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थकून थांबतात. अळी मरते ती पण अशीच. अळीत आणि आपल्यात या बाबतीत काही फार फरक नाही, फरक आहे तो वजनाचा. आणि ही जात आली कुठून तेही ऐका, 1936 साली जर्मनीत श्रेडर नावाचा केमिस्ट किडे मारायचं रसायन शोधत होता आणि त्याच्या हाती लागला टॅबून, म्हणजे लढाईत वापरायचा नर्व्ह गॅस. सख्खे चुलत भाऊ आहेत हे सगळे.

आणि तोंडातूनच जावं लागतं असं नाही, खरा रस्ता कातडीचा आहे. पंप पाठीवर गळतो, बनियन भिजते, ती दिवसभर अंगावर. नोझल तुंबलं की तोंडानं फुंकायचं. त्याच हातानं तंबाखू मळायची. संध्याकाळी ते कपडे बायको घरच्या कपड्यांबरोबर धुते, तिचं नाव कुठल्याच रजिस्टरला नाही. आमच्या भागात मजुरी पंपामागं ठरते, म्हणजे जेवढे जास्त पंप तेवढे पैसे, मग दुपारी भर उन्हात, वारं सुटलेलं असताना, कोण थांबणार?

तेव्हा चौकशी झाली, एसआयटी बसली, सरकारनं मृतांच्या घरच्यांना दोन लाखांची मदत जाहीर केली, काही कीटकनाशकांवर थोड्या दिवसांची बंदी आली आणि गेली. आपल्या इकडच्या काही कुटुंबांनी तर 2020 साली थेट स्वित्झर्लंडच्या कोर्टात तिथल्या कंपनीवर केस टाकली. पण गावोगावी जे वाक्य राहिलं ते एकच, "शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी काळजी घेतली नाही, किट वापरलं नाही." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो, औषधाची काळजी कोण घेतं? औषध हीच काळजी असते. तुम्ही सरकारी पत्रकात "औषध फवारणी" लिहिणार, कंपनीचा माणूस गावात येऊन "एकदम सेफ, रिझल्टची गॅरंटी" सांगणार, दुकानदार बाटली गुळासाखरेच्या पिशवीत टाकून देणार, आणि मग माणूस मेल्यावर विचारणार की बाबा तू हातमोजे का नाही घातले? ऑक्टोबर हीटमध्ये ते रबरी हातमोजे आणि मास्क घालून तासभर वावरात चालून दाखवा, मग बोलू.

बाटलीवर सगळं लिहिलेलं असतं म्हणतात. असतं, मान्य. टोकावर उभा केलेला चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, त्यावर कवटी पण असते, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण तुम्ही कोणत्याही गावात जाऊन विचारा, हिरवा म्हणजे काय? लोक सांगतील, हिरवा म्हणजे पिकाला चांगलं. एकानं मला सांगितलं "हिरवा म्हंजे आयुर्वेदिक". का नाही सांगणार, साबणापासून बिस्किटापर्यंत सगळीकडं हिरवा रंग तसाच तर विकतात, आणि खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. आतली माहितीची घडी उलगडली तर चादरीएवढी होते, अनेक भाषा आणि अक्षर एवढं बारीक की मला चष्मा लावून कॅपिटल कोणतं ते कळत नाही.

घरात या बाटल्या कुठं असतात? पत्र्याच्या आढ्याला, देवळीत, फडताळात, खाटेखाली. माझ्याकडच्या सिरपच्या शेजारी. पाण्यात टाकलं की कितीतरी कीटकनाशकं दुधासारखी पांढरी होतात, हे शहरातल्या वाचकांना माहीत नसेल. बादलीत कालवलेलं ते पांढरं पाणी आणि दूध यात लहान पोराला काय फरक कळणार. एक तर रिकामा डबा कोणी फेकत नाही, मजबूत प्लास्टिक असतं, बूच घट्ट बसतं, रॉकेलला, तेलाला, शौचाला न्यायच्या पाण्याला कामी येतो. बिहारमध्ये मशरखला 2013 च्या जुलैमध्ये शाळेतल्या दुपारच्या जेवणानं 23 लेकरं गेली, ते आठवत असेल. जेवणाचं तेल कीटकनाशकाच्या डब्यात होतं आणि तपासात मोनोक्रोटोफॉस निघालं. तेच मोनोक्रोटोफॉस, ज्याला भाजीपाल्यावर 2005 पासून बंदी होती आणि तरी ते कापसाच्या नावावर दुकानात मिळत राहिलं. 2023 साली कुठं त्या 36 टक्केवाल्यावर बंदीची अधिसूचना निघाली.

हा विषय नुसता शेतीचा पण नाही, यवतमाळचा पण नाही. पुण्यामुंबईच्या वाचकांनी आपापल्या घरात एकदा बघावं. गव्हात टाकायच्या पाऱ्याच्या गोळ्या अजून किराणा दुकानात मिळतात, निळसर काळ्या, आई लोक हौसेनं डब्यात पुरचुंडी टाकतात. ढेकणासाठी डायक्लोरव्हॉस, ज्याला सगळे नुवान म्हणायचे, ते गादीवर मारून त्याच खोलीत रात्री झोपलेले विद्यार्थी मी स्वतः हॉस्टेलात बघितलेत (त्यात मी पण होतो). साप येऊ नये म्हणून घराभोवती थिमेटचे दाणे टाकायचे, ते थिमेट म्हणजे फोरेट, लाल त्रिकोणवालं, डायक्लोरव्हॉस आणि फोरेट दोन्ही 2020 अखेर बंद झाली पण लोकांच्या माळ्यावर जुनी पाकिटं अजून सापडतात. पोरींच्या डोक्यात उवा झाल्या की पराटीचंच औषध फडक्यावर घेऊन केसांना चोळणाऱ्या आया आमच्याकडं होत्या, आता कमी झाल्या पण संपल्या असं मी छातीठोक सांगणार नाही. उंदराची पेस्ट ट्यूबमध्ये येते, अगदी टूथपेस्टसारखी, त्यातलं पिवळं फॉस्फरस लिव्हर खातं आणि त्यावर उतारा नाही. धान्यातली सल्फासची तीन ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलाव्यानं एक ग्रॅम फॉस्फिन गॅस सोडते, शेजारच्या खोलीत झोपलेली माणसं उठतच नाहीत, अशा बातम्या दरवर्षी तुम्हीच छापता. आणि तिथंही शीर्षक काय असतं? "गव्हातील औषधाने".

या बाबतीत आपला कायदा आपल्यापेक्षा शहाणा आहे. केरळात 1958 साली बोटीतून आलेल्या धान्यात पॅराथिऑन सांडलं आणि ते खाऊन शंभरावर माणसं गेली, त्यावरून चौकशी होऊन पुढं 1968 चा कीटकनाशक कायदा आला. कायद्यात शब्द कीटकनाशक आहे. औषध नाही. औषधांचा कायदा वेगळा, 1940 चा, त्याच्याखाली माझं लायसन आहे. शेड्यूल एचची गोळी मी चिठ्ठीशिवाय दिली तर इन्स्पेक्टर माझं दुकान बंद करू शकतो. शेजारी मात्र परवापर्यंत कोणीही या, कोणतंही न्या, दुकानदाराला शिक्षणाची अट आत्ता आत्ता आलीय. शेजाऱ्याची माझी दोस्ती आहे, चांगला माणूस आहे, त्याला पण कंपनीचं टार्गेट असतं, एक माल घ्यायचा तर दुसरा गळ्यात मारतात. तो मला एकदा म्हणाला, "तुझ्या दुकानातून गोळी नेणारा आजारी असतो, माझ्याकडून नेणारा नंतर होतो." हसत म्हणाला, पण त्याला झोप येत नसणार असं मला वाटलं.

तसं बघितलं तर औषधाचंही विष होतंच, हे मी लपवणार नाही. डायक्लोफिनॅक, आपली साधी अंगदुखीची गोळी. तीच गुराढोरांना टोचायचे, ती गुरं मेली की गिधाडं खायची आणि किडनी बंद पडून मरायची. देशातली गिधाडं शेकडा 95 च्या वर संपली. लहानपणी आमच्या गावाबाहेर ढोरफोडीच्या जागी साठसत्तर गिधाडं एका वेळी बसलेली मी मोजलीत, माझ्या पोरानं एकही बघितलेलं नाही. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण लोक माणसांची मोठी व्हायल नेऊन गुरांना टोचत राहिले, तर सरकारनं 2015 मध्ये काय केलं, माणसांच्या इंजेक्शनची बाटलीच तीन एमएलची करून टाकली. एवढ्याशा बाटलीत गाय बैल भागत नाही! मला हा नियम फार आवडतो. म्हणजे मनात आणलं तर सरकारला बाटलीचा आकारसुद्धा बदलता येतो. मग माणसांसाठी एक शब्द बदलता येत नाही?

ओढ्यानाल्याचंही जरा लिहितो, माणसाच्या नादात ते राहून जातं. फवारणी संपली की पंप नाल्यावर धुतात. मी सकाळी फिरायला जातो तिथं पुलाखाली ऑगस्टमध्ये बोटाएवढे मासे उताणे पडलेले दिसतात, पांढरी पोटं वर. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशकं माणसाला त्या मानानं कमी बाधतात पण माशाला मारायला फार थोडी पुरतात. बेडकांचा आवाज पण पहिल्यासारखा नाही. त्याच पाण्यावर खालच्या गावची गुरं येतात. मधमाशीचं तर विचारूच नका, तुरीला फुलोरा आला की पूर्वी वावरात गुणगुण ऐकू यायची.

आणि भाजीबद्दल एकच सांगतो, 2010 साली आपली द्राक्षं युरोपनं एका रसायनाचा अंश सापडला म्हणून अडवली, निर्यातीच्या द्राक्षाची लॅबमध्ये कसून तपासणी होते. आपल्या मंडईतल्या वांग्याची कोण करतं? परवा फवारलेली फुलकोबी आज बाजारात असते, थांबायचे दिवस लेबलवर लिहिलेले असतात पण भाव थांबत नाही.

आता माझा एक मित्र, शाळामास्तर, त्याला हे पत्र वाचून दाखवलं तर तो म्हणे, "नाव बदलून काय होते बे, पोटात काही नाही तर माणूस विष म्हटलं तरी फवारीन." खरं आहे त्याचं. विष म्हटल्यानं मजुरी वाढत नाही, कर्ज फिटत नाही, बोंडअळी मरत नाही. शेतकऱ्याला फवारू नका म्हणायचा मला अधिकारही नाही, मी दुकानात बसून बोलतोय. पण मी त्याला उलट विचारलं, तुझ्या वर्गातल्या पोराला घरात ठेवलेल्या बाटलीत काय आहे विचार, तो काय सांगेल? औषध. आणि औषध म्हणजे काय विचार. प्यायल्यावर बरं वाटतं ते. मास्तर गप्प बसला. हे पोर मोठं होऊन पाठीवर पंप घेणार आहे. आणि फुकटात होण्यासारखं दुसरं काय आहे सांगा! किटला पैसे लागतात, पंपाला पैसे लागतात, दवाखान्यात व्हेंटिलेटरला लागतात, शब्दाला एक रुपया लागत नाही.

म्हणून तुमच्याकडं मागणं एवढंच की तुमच्या बातमीदारांना सांगून ठेवा, कीटकनाशक लिहा, तणनाशक लिहा, उंदीरनाशक लिहा, नाहीतर सरळ विष लिहा. औषध लिहू नका. "विषारी औषध" तर अजिबात नको, हे म्हणजे गोड मीठ म्हटल्यासारखं आहे. (कोणी जिवाचं बरंवाईट केल्याच्या बातमीत तर कशानं केलं ते लिहायचीच गरज नसते, पण तो वेगळा विषय आहे.) विषबाधेची बातमी देताना शक्य असेल तिथं त्यातल्या रसायनाचं नाव द्या, कारण दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो आणि नातेवाईक सांगतात "हिरव्या बाटलीतलं". ऑर्गॅनोफॉस्फेटला ॲट्रोपिन चालतं, पॅराक्वाट या तणनाशकाला काहीच उतारा नाही, दोघांच्या उपचाराची लाईन वेगळी. आणि बातमीखाली दोन ओळींची जागा असेल तर एवढं छापा, अंगावर सांडलं किंवा फवारताना गरगरलं तर आधी कपडे काढा, साबणानं अंग धुवा, दूध तूप लिंबू काही पाजू नका, मुद्दाम उलटी काढू नका, बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. कवी संमेलनाच्या बातमीतला एक फोटो कमी केला तर जागा निघेल, माफ करा, राहवलं नाही.

मी माझ्या परीनं सुरू केलंय. माझ्या काउंटरवर कोणी पराटीचं औषध मागितलं की मी बोट दाखवत नाही, म्हणतो, "विष ना? ते बाजूला." पहिल्या वर्षी लोक चिडायचे, एक जण तर म्हणाला सकाळी सकाळी अभद्र काहून बोलतं. आता दोघंतिघं स्वतःहून तसं म्हणायला लागलेत, हसत का होईना. शेजाऱ्याला म्हटलं बिलावर तसं लिहितोस का, तो म्हणाला धंदा बुडवतो का माझा. पण त्यानं बाटली किराण्याच्या पिशवीत टाकून देणं बंद केलंय, वेगळी लाल पिशवी आणलीय स्वतःच्या पैशानं.

जुलै संपत आलाय, पराटी गुडघ्याच्या वर गेलीय, मावा तुडतुडे दिसायला लागलेत, येत्या आठपंधरा दिवसांत पंप बाहेर निघतील. पत्र लांबलंय, हवं तर कापा, पण छापायचं असेल तर त्याच्या आधी छापा.

कळावे,
आपला एक जुना वाचक
(नाव छापू नये, शेजाऱ्याशी रोज चहा प्यायचा असतो)
जि. यवतमाळ